उलटी चाललेली रोवणी

रोवणी सुरू झाली की माझं घरात लक्ष लागत नाही, आणि शेतात तर माझं आता काही कामच उरलेलं नाही. जमीन कधीचीच चुलत पुतण्याला करायला दिली. तरी सकाळचा चहा झाला की मी छत्री घेतो आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसतो. पुतण्या आधी म्हणायचा, "काका, चिखल आहे, पडान नं एखांद्या दिवशी. घरीच बसा." आता म्हणत नाही. मी बसतो त्या जागेवर एक जुनं पोतं टाकून ठेवतो, बस. तिरोड्याकडच्या वीजघराच्या चिमण्या ढगात अर्ध्या बुडालेल्या असतात. बांधीत, धानाच्या वाफ्यात, पोटरीएवढं पाणी असतं. बाया ओळीनं वाकून परे, धानाची रोपं, लावत असतात आणि त्यांच्यापैकी एकीलाही हा म्हातारा रोज इथे कशाला येऊन बसतो याचं नवल वाटत नाही.

ज्यांनी धानाची रोवणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोवणारी बाई मागं मागं सरकते. डाव्या हातात पऱ्यांची पेंडी, उजव्या हातानं दोन-चार काड्या सुटवायच्या, चिखलात खोवायच्या, आणि पाऊल मागं. पुढं गेली तर आत्ताच लावलेलं तिच्याच पायाखाली येईल. म्हणून तोंड लावलेल्या धानाकडे आणि पाठ रिकाम्या बांधीकडे. रोवणी जिथून सुरू झाली त्या धुऱ्यावर तुम्ही बसलात तर तिचं तोंड तुमच्याकडेच असतं, आणि ती मात्र लांब लांब जात असते. मला यात काही विशेष वाटत नसे. जन्मल्यापासून तेच पाहत होतो. विद्यापीठात गेलो तेव्हा कळलं की बाकीच्या जगात माणसं लांब जाताना पाठ दाखवून जातात.

हे पन्नासच्या दशकाच्या अखेरीचं. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, आणि राज्य तर इतक्यांदा बदललं की बाबांनी शेवटी विचारणंच सोडलं होतं. मी मॅट्रिक झालो, आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. आमच्याकडे ते तसंच व्हायचं. दरम्यान शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी माझी चित्रं मला न विचारताच पाठवून दिली होती, आणि दूरच्या एका विद्यापीठाच्या चित्रकला शाखेत मला जागा मिळाली. गावात ही बातमी कुणाला नीट पचली नाही. "चितरं काढाले एवढ्या दूर? कोरसा घेतला का पोट्टे भितीवर काढतेतच नं!" असं एकानं मला भर पारावर ऐकवलं. नवी नवरी घरात ठेवून मी गोंदियाला गाडीत बसलो.

तिथे आमचे सर होते. मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओत बरीच वर्षं घालवून परतलेले, बारीक, चिडके आणि मनानं फार चांगले. त्यांनी चित्रकलेच्या पोरांमधून थोडी पोरं निवडून हलत्या चित्रांचा एक वर्ग काढला होता. अ‍ॅनिमेशन हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. घरी सांगताना 'चालती चितरं' म्हणायचो. एक काचेचं मेज, काचेखाली दिवा. मेजाला दोन खुंट्या, कागदांना दोन भोकं. खुंट्यांवर एक कागद अडकवायचा, त्यावर दुसरा. खालचं चित्र दिव्यानं वर दिसायचं, त्याच्या किंचित पुढचं चित्र वरच्या कागदावर काढायचं. असं कागदावर कागद. मग सगळा गठ्ठा अंगठ्यानं भराभरा सोडायचा आणि बघायचं, जीव आला का.

माझ्यात येत नव्हता. शाळेत मी हुशार चित्रकार समजला जायचो. माझा बैल बैलासारखा दिसायचा, माझ्या बोडीच्या, लहानशा तळ्याच्या, पाण्यात झाडाची सावली पडायची. इथे ती हुशारी कवडीच्या कामाची नव्हती. पहिला धडा चेंडूचा. वरून पडणारा, उसळणारा साधा चेंडू. बाकीच्यांचे चेंडू उसळायला लागले आणि माझा कापसासारखा तरंगत राहिला. सर कागद सोडून बघायचे आणि म्हणायचे, "ह्याला वजन नाही. परत काढ." परत काढायचो. "वजन नाही." मी खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचो. रडलोही आहे, खोटं कशाला सांगू. ज्या पोरानं गावात कधी हातात चेंडू धरला नव्हता त्याला चेंडूच का काढायला लावतात, असा राग यायचा.

शेवटी चेंडू टाकून दिला आणि मोहाचं फूल काढलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पहाटे मोह गळतो, टपटप आवाज करत. ते फूल पडतं आणि पडलं तिथेच राहतं. मी फांदीवरून सुटलेलं एक फूल काढलं, जमिनीपर्यंत आणलं आणि ठेवून दिलं. सरांनी गठ्ठा सोडला. "उसळी कुठे आहे?"

"सर, मोहफूल उसळत नाही."

त्यांनी गठ्ठा उचलला. परत एकदा कागद सोडले. मग म्हणाले, "पण पडलं खरं." त्या वर्षातला माझा तो पहिला आनंद. त्यानंतर वाळलेलं पान पाडलं, वाऱ्यावरचा पदर हलवला, पाण्यात दगड टाकून वर्तुळं काढली. हात वळायला लागला. जे शिकलो ते एवढंच, की हलणं हे चित्रात नसतंच, दोन चित्रांच्या मध्ये असतं. सर म्हणायचे, "मधलं चित्र बघणाऱ्याचा डोळा काढतो. तू फक्त त्याला फसवू नकोस." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. आता आठवलं की अंगावर येतं.

पुढच्या वर्षी परीक्षेचं काम मिळालं: एक माणूस चालताना. जो करेल तो हलत्या चित्रांच्या वर्गात राहील, ज्याचं जमणार नाही तो परत फळं आणि फुलदाण्या रंगवायला जाईल. सर म्हणाले, "ज्याचं चालणं तुला पाठ आहे त्याचं काढ. पाठ नसेल तर घरी जा आणि बघून ये." आषाढ लागला होता. मी रजा घेतली आणि गाडीत बसलो. कुणाचं चालणं बघायचं ते मनात पक्कं होतं.

सुगंधा. माझी बायको. तिचं नाव इतक्या वर्षांत मी मोठ्यानं फार थोड्या वेळा घेतलं आहे, आणि तिनं तर माझं कधीच घेतलं नाही. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. त्यातले आमच्या वाट्याला आलेले दिवस सुट्ट्यांचे तेवढे. सावळी, हाडानं मजबूत, हसली की आधी खांदे हलायचे. जंगलाकडच्या गावातली होती, आणि तिचा रोवण्याचा हात आमच्या सगळ्या शिवारात चपळ मानला जायचा.

मी धुऱ्यावर कागदाची पाटी मांडीवर घेऊन बसलो तेव्हा सगळ्या बांधीत हशा पिकला. घरचा एकुलता जवान गडी, ऐन रोवणीत, धुऱ्यावर बसून बायकोचं चित्र काढतो. माय परे खणत होती. ती तिथूनच ओरडली, "बापू, थे कागदं ठेव आन पेंड्या फेकाले चाल. बायकोचं चितर मंग काढजो. ते का कोठं पळून जाऊन राहिली?"

बाया हसल्या. सुगंधाही हसली, पदर तोंडात धरून. मग ती लावणीच्या कडेला, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, हातात पहिली पेंडी घेऊन सरळ उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, लुगडं गुडघ्यावर, पिंढऱ्यांना चिखल. बाकीच्या बाया वाकल्याही होत्या. ती थांबली होती. मला म्हणाली, हळूच, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशी:

"लावू काय?"

"लाव," मी म्हणालो.

आणि ती वाकली. काड्या खोवल्या, पाऊल मागं. काड्या खोवल्या, पाऊल मागं. चिखलातून पाय निघतानाचा तो आवाज, उजवा खांदा आधी खाली जायचा आणि डावा त्याच्या मागून. मध्येच ती मान वर करून बघायची, मी अजून काढतोय का म्हणून, आणि परत वाकायची. मी काढत होतो. बांधी माझ्या पायापासून हिरवी होत गेली आणि ती बारीक होत गेली. त्या दिवसात मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं, आणि हे मी आता फुशारकीनं म्हणत नाही. संध्याकाळी चुलीपाशी तिनं कागद पाहिले. म्हणाली, "एवढी वाकडी हाव काय मी?"

"वाकल्यावर कोण सरळ दिसेल?"

"हो, थेबी खरं हाय." मग तिनं एक कागद परत घेतला आणि बराच वेळ पाहिला. "मले चालून दाखवजा जी. हे सारे कागदं चालतेत म्हणता नं तुमी, मंग मले चालताना दाखवजा."

मी कबूल केलं.

शहरात परतल्यावर भादवा सगळा काचेच्या मेजावर गेला. दिव्याच्या उजेडानं डोळे सुजायचे. गठ्ठा वाढत गेला आणि मला पहिल्यांदा कळत होतं की हे जमतंय. तिचा पाय चिखलातून जड निघत होता. वजन होतं. दसऱ्याच्या आधी कॅमेऱ्याखाली एकेक कागद ठेवून चित्रण झालं आणि वर्गात पडदा लावून आमची कामं दाखवली गेली. कुणाचा शिपाई चालत आला, कुणाची दूधवाली. मग माझी फिल्मची पट्टी लागली. सुगंधा पडद्यावर उभी होती, मोठी, समोर. ती वाकली आणि मागं जायला लागली.

आधी कुणीतरी फुस्सकन हसलं. मग सगळा वर्ग. "अरे, कागद उलटे लागले!" "ही बाई रिव्हर्समध्ये चालते!" मला काय चुकलं तेच कळेना. चालणं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जे आलं ते हे होतं. ज्या पोरानं शेतातलंच चालणं पाहिलं त्याला यात उलटं काय दिसणार? पण तिच्यावर हसत होते ते, पडद्यावर वाकून काम करणाऱ्या तिच्यावर, आणि मला वाटलं उठावं आणि पडद्यासमोर आडवं उभं राहावं. उठलो नाही. खाली मान घालून बसून राहिलो.

सरांनी वर्गाचं हसू थांबवलं. मला जवळ बोलावून म्हणाले, "हात चांगला पडलाय. पण परीक्षकांना ही चूक वाटेल, समजावत बसणार का त्यांना? कागद हेच ठेव. क्रम उलटा कर आणि पुन्हा चित्रण कर. मग ती आपल्याकडे येईल. येणारं माणूस बघायला सगळ्यांनाच आवडतं." मी मान हलवली. म्हटलं दिवाळीहून आलो की करतो.

दिवाळीला घरी पोचलो तर ती अंथरुणावर होती. रोवणीनंतर तिच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या, त्या बऱ्या झाल्या, पण मग हिवताप लागला. एक दिवसाआड थंडी भरून यायची, तिच्यासोबत खाट वाजायची. डॉक्टर तिरोड्याला, त्याच्या गोळ्यांनी ताप उतरायचा आणि परत चढायचा. हातावरची बांगडी कोपरापर्यंत वर सरकायला लागली होती. मला पाहून खांदे हलले तिचे, हसूच होतं ते.

आमच्याकडे आजारी सुनेला माहेरी नेत. तिच्या मायच्या हातचं खाऊन ती उठेल अशी समजूत, आणि सासरच्या कापणीत तिची उस्तवार करायला हात कुणाचे रिकामे असणार, हेही खरं. तिचा भाऊ रेंगी घेऊन आला. रेंगी म्हणजे हलकी बैलगाडी. तिच्यात धानाचं वाळकं तणस पसरलं, वर घोंगडी, आणि तिला मागच्या बाजूला टेकून बसवलं, पाठ बैलांकडे आणि तोंड आमच्याकडे, म्हणजे गचके कमी बसतात. मीही जाणार होतो. पण धान कापायला आलं होतं, बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, आणि ठरलं असं की धान खळ्यात आलं की मी जाऊन तिला आणायचं.

"कागदं चालाले लागले काय?" तिनं विचारलं.

"लागले. पुढच्या खेपेस दाखवतो."

"दाखवजा जी," ती म्हणाली.

रेंगी निघाली. मी वाटेच्या तोंडाशी उभा होतो. ती माझ्याकडे बघत होती आणि लांब जात होती. हात हलवला नाही तिनं, आमच्याकडे बाया तसा हात हलवत नसत. नुसती बघत होती. दोन्ही बाजूंना पिवळं झालेलं धान होतं, तिनंच लावलेलं. मोहाच्या झाडापाशी वाट वळते, तिथे ती दिसेनाशी झाली. मला त्या क्षणी आठवलं, हे मी आधी काढलं आहे. कागदावर कागद ठेवून, एकेक करून, माझ्या हातानं.

त्यानंतरचं चित्र माझ्यापाशी नाही. पुढचं आहे ते थेट खळ्यातलं. बैल धानावर गोल गोल फिरत होते, मी त्यांच्या मागं होतो, आणि तिचा भाऊ खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कुणी त्याला या म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. बाबांनी बैल थांबवले. तो म्हणाला, "भाऊजी, बाई नाही राहिली." मायनं तिथेच खाली बसून हंबरडा फोडला. मला रडू आलं नाही. मी बैलांकडे पाहत राहिलो, ते परत चालायला लागतील का म्हणून. मधलं चित्र डोळा काढतो म्हणे. माझ्या डोळ्यानं ते गेली सगळी वर्षं रोज काढलं आहे, आणि रोज वेगळं. कधी ती मला हाक मारते, कधी नुसती पाणी मागते.

तेरावं झालं. बाबा म्हणाले, "जा बापू. येथं राहून का करशीन?" मी गेलो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून गेलो. कागदांचा क्रम उलटा केला. शेवटचा पहिला, पहिला शेवटी. सर कॅमेऱ्यापाशी माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले, दिवे गेले आणि पट्टी लागली.

पडद्यावर हिरवीगार बांधी होती. लांब, वरच्या धुऱ्यापाशी एक बारीकशी बाई. ती यायला लागली. पाऊल पुढं, आणि चिखलातले परे वर येऊन तिच्या हातात. पाऊल पुढं, परे हातात. ती जवळ येत होती आणि तिच्या समोरची बांधी ओळीओळीनं रिकामी होत होती. तिच्या हातातली पेंडी भरत गेली आणि तिच्या पाठीमागे चिखल, नुसता चिखल. हे असं होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कागद मोजूनमापून उलटे केले, आणि बांधीचा विचार केला नाही. सगळं लावलेलं परत गेलं आणि ती सरळ उभी राहिली, मोठी, समोर, हातात पहिली पेंडी, पदर खोचलेला. तिथे पट्टी संपली.

टाळ्या झाल्या. परीक्षकांपैकी एकजण म्हणाले, "कल्पना फारच छान. शेत रिकामं होत जातं. कुणाची?" सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पहिला आलो. ज्या चुकीवर वर्ग हसला होता तीच उलटी केल्यावर हुशारी ठरली. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. रडू तेव्हा आलं, खळ्यातलं राहिलेलं सगळं. पुढच्या वर्षी मी त्या वर्गाला गेलो नाही.

मग आयुष्यभर तिरोड्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरकी केली. पोरांना घडा काढायला शिकवला, वांगं काढायला शिकवलं. घडा बरा असतो, टेबलावर ठेवला की तास संपेपर्यंत तिथेच राहतो. माय दुसऱ्या लग्नाचं बोलत राहिली, मग तीही बोलायची थांबली. ती पट्टी विद्यापीठातच राहिली. कधी फेकून दिली असेल. कागद मी आणले होते, ते वाळवीनं खाल्ले. मला त्याचं वाईट वाटत नाही. मला ते कागद लागतच नाहीत.

आता धुऱ्यावर बसलो की पट्टी आपोआप लागते, आणि मला ती दोन्हीकडून चालवता येते. उलटी चालवली की ती येते. पण बांधी उजाड होत येते, आणि या भागात जन्मलेल्या माणसाला उजाड बांधी बघवत नाही. सरळ चालवली की धान उभं राहतं आणि ती जाते, माझ्याकडे बघत. तिसरा काही मार्ग सरांनी शिकवला नव्हता. असेल तर तो मला सापडला नाही, आणि आता या वयात सापडणारही नाही.

आज सकाळीही उलटीच चालवली. ती आली. हाताच्या अंतरावर येऊन सरळ उभी राहिली, पिंढऱ्यांना चिखल, हातात पेंडी. तिच्या पाठीमागे सगळी बांधी रिकामी. तिनं हळूच विचारलं, बाकीच्या बायांना ऐकू जाऊ नये अशी, "लावू काय?"

नको म्हटलं तर ती तिथेच उभी राहील, हे मला कळतं. मी दरवर्षी लाव म्हणतो.